टॉवेल टाकलेली खुर्ची

ठराव कुणी वाचायचा हे ठरेपर्यंत कडलगांच्या घरात चहाच्या दोन फेऱ्या झाल्या, आणि जिनं तो वाचायचा होता तिला दोन्ही वेळा चहा गाळायला आत पाठवलं गेलं.

"विजयश्रीच वाचंल," खंडूआबा म्हणाले. "बायांच्या सुरक्षेचा ठराव हाय. बाईनंच वाचला म्हंजी कुनाला बोट दाखवाया जागा ऱ्हात न्हाई."

"आबा, तिला ते होतं," नवनाथ हळूच म्हणाला.

"होऊ दे की. बोलायचं कुठं हाय? ग्रामसेवक भाऊसाहेबांनी लिवलंय तेवढं वाचायचं आन् गप ऱ्हायाचं."

विजयश्री दारात कप घेऊन उभी होती. सासऱ्यांना दिला, नवऱ्याला दिला आणि पदर सावरून ती भिंतीला टेकली. पिंपळखडीची सरपंच होऊन तिला दीड वर्ष झालं होतं. पण घरातल्या बैठकीत आजवर तिला काही विचारलं गेलं असेल तर साखर का कमी पडली, एवढंच. निवडून ती आली होती, हार मात्र नवनाथच्या गळ्यात पडले होते. गाव त्याला सरपंच म्हणायचं आणि तिला वहिनी.

आणि 'ते'. कडलगांच्या घरात त्याला दुसरं नाव नव्हतं. लहानपणी विजयश्री तळवड्याच्या शाळेत भाषणाला उभी राहिली तेव्हा ते पहिल्यांदा झालं होतं. बीडहून येऊन लेथ मशीनवर राबणारा तिचा बाप मुलीचं भाषण ऐकायला रजा टाकून आला होता, आणि मुलगी पहिल्याच वाक्यानंतर बाईंच्या मागं जाऊन लपली. यंदाच्या सव्वीस जानेवारीला पुन्हा तेच. "ग्रामस्थ बंधू-भगिनींनो" इथपर्यंत ती पोचली, माईक खरखरला, आणि छातीत अशी धडधड सुरू झाली की हातपाय गार पडले, डोळ्यांपुढं अंधारी आली. नवनाथनं माईक घेतला तो आजतागायत परत दिला नव्हता. चाकणच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून पाहिली आणि सांगितलं, "हृदय ठणठणीत आहे. ही भीती आहे, आणि भीतीवर उपचार असतात." पहिलं वाक्य घरी येऊन नवनाथनं सगळ्यांना सांगितलं. दुसरं त्याच्या लक्षातच राहिलं नाही. विजयश्री मात्र नंतर बाजाराच्या निमित्तानं एकटीच जाऊन डॉक्टरांना भेटून आली. ते म्हणाले होते, "ती आली की हाकलायला जाऊ नका. आलीस का, बस, म्हणा. ती फार वेळ थांबत नाही." भाजी निवडताना, मोटर सुरू करताना ती ते मनात घोकत असे.

कोपऱ्यात जमिनीवर इंदुकाकी बसली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. शेजारी तिचा बंटी मोबाईलमध्ये तोंड घालून. आबांचा हा पुतण्या, नवनाथचा चुलतभाऊ. हा सगळा घोळ त्याच्यापायी झाला होता.

पंधरवड्यापूर्वी नांदेडची मिनल वाघमारे दुसऱ्या शिफ्टवरून परत येत होती. कडलगांच्या मागच्या लाइनीतल्या एका खोलीत ती आणि तिच्या तीन मैत्रिणी भाड्यानं राहायच्या. कंपनीची बस फाट्यावर सोडायची, तिथून खोलीपर्यंतचा रस्ता अंधाराचा. त्या रस्त्यात मोटारसायकली आडव्या घालून पोरांनी तिची वाट अडवली, ओढणी ओढली, हात धरला. ती चावली, ओरडली आणि सुटली. त्यातला एक चेहरा तिच्या चांगल्या ओळखीचा होता, कारण तो आठवड्यातून एकदा पाण्याच्या टाकीवर चढून बॉलकॉक बघायला यायचा. तिनं पोलिसांत तक्रार दिली. आणि गावानं पारावर बसून, खूप विचार करून, दोष कुणाचा ते शोधून काढलं: मुली एकट्या राहतात, हाच दोष.

म्हणून हा ठराव. गावातल्या खोल्या एकट्या राहणाऱ्या अविवाहित कामगार मुलींना देऊ नयेत, दिल्या असल्यास महिनाअखेर खाली करून घ्याव्यात.

"पोरी गेल्या की तक्रार बी आपसूक थंड हुती," आबा म्हणाले. "तारखंला याया नांदेडवरनं कोन येतंय?"

"माज्या बंटीचं नाव तेवढं निगू द्या," इंदुकाकी म्हणाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं नाकडोळे पुसले आणि आवाज बदलून बोलू लागली. "हां वर्षाली... पोचलीस व्हय खोलीवर? जेवलीस का? बरं. कडी नीट लाव गं बाई. दोन्ही कड्या लाव." फोन ठेवून तिनं उगाचच सांगितलं, "रात्रपाळी हुती पोरीची. बंगळूरला आत्ता पोचली खोलीवर."

विजयश्री रिकामे कप गोळा करून आत गेली.

स्वयंपाकघरात गिरजाबाई कणीक तिंबत होत्या, आणि कणकेवर कुणाचा तरी राग काढत होत्या. खोल्यांचा कारभार त्यांचा. बाहेर आबांचं राज्य असेल, पण मागच्या लाइनीत पान हलायचं ते गिरजाबाईंच्या हुकमानं.

"काय येडं झालंय का ह्यांना?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "पोरी हायेत म्हनून खोल्या ऱ्हायल्यात. भाडं येळेवर, मोरी लख्ख. त्यांच्या जागी पोरं घाला, बघा कशा बाटल्या निगत्यात. आन् त्या पोरीनं काय केलं? कामावरनं येत हुती, तमाशाला न्हवती चालली."

"मग आत्या, सभेत बोला ना हे," विजयश्री म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची.

"म्या? सरपंच तू हायस का म्या?"

"मला येत नाही बोलता."

गिरजाबाईंनी पिठाचा हात तसाच तिच्या मनगटावर ठेवला. "तू तोंड उघड. अनुमोदन का काय म्हनत्यात त्ये म्या देती. गिरजाबाईचा सबूद हाय."

मनगटावर कणकेचे ठसे घेऊन विजयश्री मागच्या दारानं बाहेर पडली. मोटर सुरू करायची होती, हे खरंच. पण मोटर काही लाइनीच्या टोकाच्या खोलीत नव्हती.

मिनल दोरीवर कंपनीचा निळा शर्ट वाळत घालत होती. उघड्या दारातून आत बांधलेली बोचकी दिसत होती.

"बाकीच्या पोरी सामान बांधू लाल्यात," मिनल म्हणाली. "खरं सांगा ताई, काढणार का आम्हाला?"

विजयश्रीनं खाली पडलेला चिमटा उचलून तिच्या हातात दिला.

"तुमच्या काकी आल्त्या काल. तक्रार वापस घे म्हणून पाया पडू लागल्या. माझ्या आईच्या वयाची बाई. मलाच रडू आलं. पण मी नाही म्हणले."

"तुला भीती नाही वाटत?"

"लई वाटती की." मिनलनं शर्टाची कॉलर झटकली. "बसमधून उतरलं की पाय उचलत नाही. पण भीती वाटती म्हणून ड्यूटीवर नाही गेले, तर घरी काय सांगू?" मग तिनं साधंच विचारलं, कसला टोमणा नाही, काही नाही. "तुम्ही सरपंच आहात न ताई?"

"हो," विजयश्री म्हणाली. तिचे कान गरम झाले होते. आयुष्यात इतकी लाज तिला तळवड्याच्या शाळेतही वाटली नव्हती.

ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापत होतं आणि पंचायतीचं सभागृह खच्चून भरलं होतं. एरवी ग्रामसभेला माणसं हाताला धरून आणावी लागायची. आज विषय बायकांच्या चालीचा होता, त्यामुळं गाव आपल्या पायानं आलं होतं. पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर. दारात आणि खिडक्यांशी भाडेकरू मुली उभ्या होत्या. त्यांची नावं इथल्या मतदार यादीत नव्हती, त्यामुळं त्यांना हात वर करायचा हक्क नव्हता.

समोर टेबल आणि टेबलामागं पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेली खुर्ची. आधी ती वर्षानुवर्षं आबांची होती, आता नवनाथची. सासऱ्यासमोर सुनेनं बसायचं नाही, ही कडलगांची रीत. लग्न झाल्यापासून विजयश्री आबांसमोर पाटावरसुद्धा बसली नव्हती, मग सरपंच झाली म्हणून खुर्चीवर कशी बसणार? ग्रामसभेत ती त्या खुर्चीच्या मागं भिंतीला लागून उभी राहायची. कायद्यानं खुर्ची तिची होती. पण कायदा काही कडलगांकडं जेवायला येत नव्हता.

ग्रामसेवक निरंजन भाऊसाहेबांनी मागच्या सभेचा वृत्तांत घाईघाईत उरकला, मग आबांकडं बघितलं. आबा पहिल्या रांगेत मांडीवर काठी आडवी ठेवून बसले होते. त्यांनी मान हलवली. नवनाथनं बसल्या जागेवरून मागं वळून माईक बायकोच्या हातात दिला, आणि कागद दिला.

"सावकाश वाच," तो पुटपुटला. "मी आहे."

माईक खरखरला, आणि ते आलं.

कागद इतका थरथरू लागला की त्याची फडफड माईकमधून सगळ्या सभागृहाला ऐकू आली. मागं कुणीतरी हसलं. "गावातील खोल्या," विजयश्रीनं वाचलं, "एकट्या राहणाऱ्या..." आणि आवाज गेला. आलीस का, ती मनात म्हणाली. पण 'बस' म्हणायलासुद्धा तिला मनात श्वास पुरेना.

मग नवनाथनं दर वेळी करायचा तेच केलं. तो उठला आणि माईक घ्यायला त्यानं हात पुढं केला. बायकोवर त्याचा जीव होता, हे खोटं नाही. पण तिच्या मदतीला धावायची त्याला एकच पद्धत ठाऊक होती.

विजयश्रीनं माईक सोडला नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरला. गुडघ्यांतलं बळ सरलं, भिंत मागं सरकल्यासारखी झाली, आणि पडू नये म्हणून ती जे जवळ होतं त्यावर, नवनाथच्या रिकाम्या झालेल्या खुर्चीवर, बसली.

सभागृहात एकाच वेळी शेकडो माणसांनी श्वास आत ओढला.

"सूनबाई!" आबांची काठी जमिनीवर आपटली. "ऊठ!"

"उठता येत नाही, आबा," विजयश्री म्हणाली. हे वाक्य माईकमधून गेलं. स्वतःचा आवाज भिंतींवरून परत आलेला तिनं ऐकला. कापत होता, पण होता. "पाय थरथरताहेत माझे. खोटं नाही, बघा कुणीही."

नवनाथ हात पुढं करून तसाच उभा होता.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "सगळ्या गावाला माहीत आहे. सव्वीस जानेवारीला तुम्ही सगळे हसला होतात. आताही छातीत धडधडतंय. आवाज कापतोय, ऐकू येतंय ना? ही थरथर थांबायची मी लहानपणापासून वाट बघत आले. आता नाही बघणार. कापत कापतच बोलते."

"अगं, तेवढं वाच आणि..." नवनाथ म्हणाला.

"हा नाही वाचणार." तिनं कागद टेबलावर पालथा घातला. "भाऊसाहेब, दुसरा ठराव लिहून घ्या. मी सांगते."

भाऊसाहेबांचं पेन हवेत राहिलं.

"एकटी राहते म्हणून पिंपळखडीतल्या एकाही मुलीला खोलीतून काढलं जाणार नाही. फाट्यापासून खोल्यांपर्यंत रस्त्यावर दिवे लागतील, दुसरं कुठलंही काम नंतर. कंपन्यांच्या बस फाट्यावर न सोडता गावात आत येतील, तसं पंचायत कंपन्यांना कळवेल. आणि..." श्वास अडला. ती थांबली. आलीस, बस, ती म्हणाली, या वेळी पुरतं म्हणाली. "आणि ज्यांनी त्या मुलीची वाट अडवली त्यांच्यासाठी शब्द टाकायला या पंचायतीतलं कुणीही पोलिसांकडं जाणार नाही."

"सरपंचबाई," मधल्या रांगेतून सोनबा तांबे उठला. "तुमच्याच घरातला पोरगा हाय की त्यो!"

"हो. माझा दीर आहे," विजयश्री म्हणाली. "म्हणूनच मी बोलतेय. दुसऱ्याच्या घरातला असता तर तुम्ही सगळेच बोलला असता."

सोनबा खाली बसला. खिडकीशी उभ्या मुलींमध्ये कुणीतरी हुंदका दिला.

भाऊसाहेबांनी घाम पुसला. आबांना दुखवायचं नव्हतं, आणि नोकरीही टिकवायची होती. "ठराव आला आहे. सूचक स्वतः सरपंच. अनुमोदक लागेल. अनुमोदक कोण?"

विजयश्रीनं सतरंजीकडं बघितलं. गिरजाबाई पुढंच बसल्या होत्या. त्यांचा हात मांडीवरून थोडा उचललाही गेला. मग आबांनी सावकाश मान वळवून बायकोकडं पाहिलं. गिरजाबाईंचा हात खाली आला आणि सतरंजीचा सुटलेला दोरा गुंडाळू लागला.

विजयश्रीच्या मनगटावर कणकेचा वाळलेला ठसा अजून होता. तिला रडू फुटेलसं वाटलं, आणि रागही आला, आणि सासूची कीवही आली. इतकी वर्षं त्याच डोळ्यांच्या धाकात काढलेल्या बाईकडून आपण सकाळी शब्द घेतला होता.

"कुनी हाय का?" आबा मोठ्यानं म्हणाले. "न्हाई ना? मग मिटलं."

"थांबा."

सतरंजीच्या टोकाकडून इंदुकाकी उठत होती. गुडघ्यावर हात टेकून, शेजारणीचा खांदा धरून. आता ही सुनेला शिव्या घालणार, अशाच समजुतीनं सगळे तिच्याकडं बघू लागले. विजयश्रीलाही तेच वाटलं.

"लिवा भाऊसाहेब," काकी म्हणाली. "इंदुबाई किसन कडलग."

"इंदे, भान हाय का?" आबा ताडकन उभे राहिले. "तुजाच पोरगा हाय त्यो!"

"म्हायती हाय." काकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पुसायचं तिला सुचत नव्हतं. "माजीच पोरगी बी हाय. बंगळूरला कुनाच्या तरी गावात, कुनाच्या तरी खोलीत ऱ्हाती. रोज सांगती तिला, कडी लाव. उद्या तितल्या लोकांनी असाच ठराव केला तर म्या कुनाच्या पाया पडू, आबा? काल ह्या पोरीच्या पाया पडले. तिनं मला उठवलं आन् पानी दिलं. पोराला काय शिक्षा हुईल ती होऊ दे. माज्या पोटचा हाय, पर होऊ दे."

बंटी दाराजवळ उभा होता. मुली बाजूला झाल्या, आणि कुणाकडंही न बघता तो बाहेर निघून गेला. काकी त्याला हाक मारील असं वाटलं. तिनं मारली नाही.

आबांनी काठी उचलली. "सभा तहकूब," ते म्हणाले. "चला रं सगळे."

आणि माणसं उठायला लागली. आबा उठले की उठायचं, ही गावाची जुनी सवय. खुर्च्या करकरल्या, सोनबानं टोपी सारखी केली, भाऊसाहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"भाऊसाहेब," विजयश्री माईकमध्ये म्हणाली, "सभा तहकूब करायचा अधिकार कुणाला असतो?"

भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. "अध्यक्षांना."

"आणि अध्यक्ष कोण?"

त्यांनी आधी आबांकडं बघितलं. मग नवनाथकडं. नवनाथला बसायला जागाच उरली नव्हती. नकळत तो मागं सरकला होता आणि भिंतीला टेकून उभा होता, जिथं ती उभी राहायची तिथंच. शेवटी भाऊसाहेबांनी खुर्चीकडं बघितलं.

"आपण, मॅडम," ते म्हणाले. दीड वर्षात त्यांनी तिला 'आपण' म्हटलं नव्हतं.

"मग बसा, आबा," विजयश्री म्हणाली. "मतदान बाकी आहे."

आबा बसले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून सुनेकडं बघत उभे राहिले. पण बाकीचे, जे अर्धे उठले होते, ते एकेक करून खाली बसले, आणि भरल्या सभागृहात आबा एकटेच उभे दिसू लागले.

"ठरावाच्या बाजूनं कोण?" तिनं विचारलं आणि पहिला हात स्वतःचा वर केला. तिनं तो तसाच ठेवला.

इंदुकाकीचा हात आधीपासून वरच होता. मग तिच्या शेजारणीचा. मग सतरंजीवर मागून पुढं हात येत गेले, बांगड्या वाजत राहिल्या. पुरुषांत आधी कुणी हलेना. मग ज्यांच्या मुली शिकायला, कामाला बाहेरगावी होत्या ते इकडंतिकडं बघत हात वर करू लागले. सोनबानंही केला, खांद्याच्या वर जाणार नाही अशा बेतानं. गिरजाबाईंनी दोरा सोडून दिला. आबांकडं न बघता त्यांनी हात उचलला, आणि उचलल्यावर मात्र असा उंच धरला की शेजारणीला सरकावं लागलं.

भिंतीशी नवनाथ बराच वेळ आपल्या चपलांकडं बघत होता. विजयश्रीनं मागं वळून पाहिलं नाही. तो हात वर करतो का नाही, यावर आज काही अडणार नव्हतं. पण भाऊसाहेब मोजताना तिच्या डोक्यावरून मागं बघून थबकले आणि त्यांनी अजून एक धरला, एवढं तिला कळलं.

"बहुमतानं मंजूर," भाऊसाहेब म्हणाले.

खिडकीतून मिनल तिच्याकडं बघत होती. हसत नव्हती. दुपारची बस गाठायची होती म्हणून अंगात निळा शर्ट होता, अर्धवट वाळलेला. तिनं नुसती मान हलवली आणि ती फाट्याच्या दिशेनं निघाली.

"आता सभा संपली," विजयश्रीनं सांगितलं.

माणसं उठली, बोलत बोलत बाहेर पडू लागली. आबा जागचे हलले नाहीत. सभा संपली होती, सासरे समोर उभे होते, आणि रीतीप्रमाणं सुनेनं आता तरी उठायला हवं होतं. विजयश्रीनं पाय जमिनीवर टेकवून पाहिले. थरथर थांबली होती. गुडघ्यांत बळ आलं होतं. उठता आलं असतं.

ती उठली नाही.